कच्चे आणि पक्के : डहाणू-तलासरीच्या भिंतींचा इतिहास

ग्रामपंचायतीत घरपट्टीची आकारणी ज्या नोंदवहीत होते, तिला ‘नमुना ८’ म्हणतात. घरमालकाचे नाव, क्षेत्रफळ आणि घर कशाचे आहे, एवढे त्यात लिहिलेले असते. झोपडी किंवा मातीचे, दगड-विटांचे, आरसीसी. या रकान्याचे सार लोक दोन शब्दांत सांगतात : कच्चे आणि पक्के.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचा इतिहास या दोन शब्दांच्या आधारे सांगता येतो. किल्ला, बंगला, झोपडी, शाळा, घरकुल : कोणाची वास्तू पक्की ठरली, कोणाची कच्ची राहिली आणि हे ठरवले कोणी, याचा हा धागा.

आधी भूगोल. नकाशा उघडून पाहिला तर पश्चिमेस समुद्र, खाड्या, मिठागरे आणि वाड्या दिसतात. ही बंदरपट्टी. रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेस गेले की जमीन चढू लागते, भातखाचरे आणि टेकड्या सुरू होतात. ही जंगलपट्टी. झाईसारखे किनाऱ्यावरचे गाव वगळता तलासरी तालुका जंगलपट्टीतच मोडतो. १९६० पूर्वी ही गावे उंबरगाव तालुक्यात होती. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीकडची गावे महाराष्ट्रात राहिली. २०१४ पर्यंत हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. वस्ती मुख्यतः वारल्यांची. सोबत कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, आणि किनाऱ्यावर मांगेला मच्छीमार.

डहाणूचा सर्वांत जुना उल्लेख वास्तूचा नाही, होडीचा आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावांची सोय केल्याचे त्यात नमूद आहे. त्यातली दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. त्याच लेखात भरुकच्छ, शूर्पारक अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्याची नोंद येते. डहाणूच्या वाट्याला मात्र तर आली, इमारत आली नाही. येथून लोक पलीकडे जात असावेत, मुक्कामाला थांबत नसावेत.

पक्की म्हणावी अशी इमारत येथे राज्यकर्त्यांनी उभी केली. खाडीच्या तोंडाशी असलेला डहाणूचा किल्ला पोर्तुगीज काळात दमणच्या अमलाखाली होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत उत्तर कोकणातील ठाण्यांबरोबर तोही मराठ्यांकडे आला आणि १८१८ च्या सुमारास इंग्रजांकडे गेला. पुढे त्याच्या आवारात सरकारी कचेरी आणि कोठडी आली. किल्ला पाहायला जाणाऱ्यांचा येथे हिरमोड होतो. ना खंदक, ना बुरुजांवर उभे राहून छायाचित्र काढण्याजोगा देखावा. दुर्गप्रेमींच्या याद्यांत तो खालच्या क्रमांकावर असतो. हे मूल्यमापन चुकीचे आहे. पोर्तुगीज असोत, पेशवे असोत वा कंपनी, खाडीतून जाणाऱ्या मालावर जकात आणि जमिनीवर सारा घेणाऱ्या प्रत्येक सत्तेला येथे एक जाड भिंत लागली आणि प्रत्येकाने तीच भिंत वापरली. राज्य बदलले तरी खिडकीपलीकडे हात पसरून उभा राहणारा माणूस तोच राहिला. रायगड-राजगडाच्या पंक्तीत बसत नसला, तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने राज्यसंस्था कशी दिसत होती, हे डहाणूचा किल्ला अधिक नेमकेपणाने सांगतो.

दुसरी पक्की वास्तू रुळांबरोबर आली. मुंबई आणि सुरत ही शहरे १८६४ मध्ये लोहमार्गाने जोडली गेली. स्थानक मूळ गावापासून दूर पडले, म्हणून ते ‘डहाणू रोड’ झाले आणि काही दशकांत या ‘रोड’नेच गावाला मागे टाकले. बाजार, गोदामे, गिरण्या सारे स्थानकाभोवती जमले.

याच पट्ट्यात इराणी आले. इराणमधील काजार राजवटीत जरथुष्ट्री समाजावर जे अत्याचार आणि दुष्काळ ओढवले, त्यांतून निसटून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी अनेक कुटुंबे मुंबई प्रांतात पोहोचली. त्यांच्या आधीच्या पारश्यांची स्मृतीही याच परिसराशी बांधलेली आहे. संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षे बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत लपवून ठेवला, अशी त्यांची परंपरा सांगते. ते लेणे डहाणू तालुक्यातच आहे. नव्याने आलेल्या इराण्यांनी डहाणू, घोलवड, बोर्डी येथे चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. घोलवडच्या चिकूला आज भौगोलिक मानांकन आहे.

वाडीतला बंगला हा या भागातील देखणा वास्तुप्रकार आहे, यात वाद नाही. उंच जोते, रुंद व्हरांडा, उताराचे छप्पर, त्यावर मंगलोरी कौले. ही कौलेही बाहेरून आलेली. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली लाल कौले पश्चिम किनारा धरून वर सरकत गेली. कोकणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल छपराचे वय एवढेच आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा आणि चार महिन्यांच्या पावसाचा पुरेपूर विचार या बांधणीत दिसतो. पर्यटनाच्या लिखाणात या बंगल्यांची स्तुती मनमुराद होते. त्या स्तुतीत एक गाळलेली जागा असते : वाडीत पाणी कोणी ओढले, झाडे कोणी लावली आणि बंगल्याचे जोते कोणी भरले? ते हात ज्या घरात रात्री परतत होते, ते घर कच्चे होते.

त्या कच्च्या घराकडे जरा सावकाश पाहिले पाहिजे.

वारली घर मेढींवर उभे राहते. मेढी म्हणजे जमिनीत पुरलेले लाकडी खांब. त्यांच्यावर आढे, आढ्यावरून उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या पट्ट्या आणि त्यांवर गवत किंवा पेंढा, ऐपत असेल तर कौले. छपराचे सारे ओझे मेढी वाहतात. भिंतीवर काहीच भार नसतो. ती केवळ आडोसा देते. या भिंतीला कूड म्हणतात. कारवीच्या सरळ काठ्या जवळजवळ उभ्या लावायच्या, आडव्या पट्ट्यांनी बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. वर गेरूचा हात. लिंपण सुकल्यावर सूक्ष्म भेगांतून वारा झिरपतो, म्हणून एप्रिल-मेच्या उकाड्यातही आत बसवते. चुलीचा धूर छपरातून वाट काढतो आणि जाता जाता लाकडाला लागणारी कीड रोखतो.

कारवी हे झुडूप मोठे विलक्षण आहे. सात-आठ वर्षांतून एकदाच ते फुलते, डोंगरच्या डोंगर निळे-जांभळे करते, बी धरते आणि वाळून जाते. वाळलेली कारवी कुडासाठी उत्तम. म्हणजे घराच्या भिंतीचे गणित रानाच्या कालचक्राशी जुळवलेले आहे. मोडलेले घर पुन्हा मातीत जाते आणि नवे त्याच रानातून येते. आज वास्तुविशारदांच्या परिषदांत ‘शाश्वत बांधकाम’ या मथळ्याखाली ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांपैकी बऱ्याचशा या कुडात आधीच आहेत. फक्त त्याला कोणी परिषदेस बोलावत नाही.

आत एकच मोठी जागा असते. धान्याची कणगी, अवजारे, चूल, माळा, एका कडेला गुरे. शहरी डोळ्यांना ही दाटी वाटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर वर्षभराची कमाई एका छपराखाली नजरेसमोर ठेवण्याची ती रीत आहे. आणि घराचा खरा दिवाणखाना आतमध्ये नसतोच. तो अंगणात असतो. सारवलेले, मांडव घातलेले अंगण, जिथे भात वाळते, तारपा वाजतो, पाहुणा बसतो आणि भांडणही मिटते. घर मोजताना ते कधी हिशेबात धरले जात नाही.

येथपर्यंतचे वर्णन वाचून कुडाच्या घराविषयी हळवे होणे सोपे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो मोह टाळावा. हे घर कच्चे राहिले त्याला कारागिरीइतकेच दुसरेही कारण आहे. ज्याला उद्या हाकलून लावता येते तो जोते कशाला भरील?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने जंगले राखीव केली. राबासाठी पाला आणि घरासाठी लाकूड आणण्याचा जो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, तो परवान्याचा, दंडाचा आणि लाचेचा विषय झाला. ठाणे-कुलाब्यातील या गाऱ्हाण्यांसाठी सरकारला वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा. दुसरीकडे जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या. जो वारली पूर्वी कसत होता तो कूळ झाला, आणि कुळाचा पुढे वेठबिगार झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणाऱ्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास सांगितले. त्याच्या अहवालातही या दास्याचे चित्र आहे. अशा माणसाचे खोपट मालकाच्या जमिनीवर, मालकाच्या मर्जीने उभे असे.

१९४५ ने हे चित्र हलवले. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले आणि २३ मे रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी, हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची, मालकाच्या शेतावर फुकट राबायचे नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे या लढ्याचे नेते. सभेला सभागृह नव्हते, मंच नव्हता. उघड्या माळावर बसून झालेला तो निर्णय होता. पावसाळा संपल्यावर गवतकापणीच्या मजुरीचा संप आला. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. या भागातील गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे आणि त्यावर जमीनदारांची मोठी मिळकत अवलंबून होती. जे गवत कापणाऱ्याच्या घरावर शाकारलेले तेच मालकाच्या तिजोरीत रुपये होऊन पडे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले.

गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली; त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तलासरीतील महाविद्यालय आज त्यांच्या नावाचे आहे. वास्तुकलेच्या पुस्तकांत या लढ्याला स्थान नसते. ते असायला हवे. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आणि त्यांच्या मागे उभी असलेली झरीची सभा यांनी काही वारल्यांच्या नावावर जमीन आणली. पायाखालची जमीन आपली झाल्यावरच माणूस दगड रचू लागतो. खेड्यातील कौलारू छपराचा इतिहास सातबाऱ्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

झरीच्या सभेच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बोर्डीला आणखी एक आरंभ झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५० च्या दशकात ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरींचे बालशिक्षण भारतीय खेड्यात कसे आणायचे हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. युरोपातील पद्धतीला छोट्या मापाचे फर्निचर, आखीव साधने आणि स्वच्छ, प्रकाशमान खोली लागते. आदिवासी पाड्यावर यातले काही नव्हते. मुलेही शाळेपर्यंत येत नव्हती. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. बिया, शिंपले, पाने, खडे ही साधने झाली. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवण्यात आली, ती कुरणशाळा. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि त्यामागील कल्पना ताराबाईंच्या या प्रयोगांतून आली. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द देशभर नेला.

स्थापत्याच्या दृष्टीने ही विसाव्या शतकातील महाराष्ट्राची एक मोठी सूझ होती, असे म्हणण्यास हरकत नाही. नवी इमारत न बांधता, जी जागा आधीपासून सारवलेली, सावलीची आणि आईच्या नजरेच्या टप्प्यात होती, तिला शाळा मानणे. पुढे काय झाले हे कोणत्याही गावात दिसते. अंगणवाडी म्हणजे स्लॅबची एक खोली, दाराला कुलूप, उन्हाळ्यात तापणारी. तिच्या नावात अंगण आहे. बऱ्याच ठिकाणी समोर अंगण उरलेले नाही.

आणि त्या खोलीच्या भिंतीवर हमखास काय असते? लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेली त्रिकोणी माणसे.

वारली चित्र मुळात भिंतीचे आणि एका प्रसंगाचे. लग्नात सवासिनी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघाट देवी. सोबतच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणे म्हणते. ते चित्र सजावटीचे नव्हतेच, विधीचे होते. काम झाल्यावर पुढच्या सारवणात ते खुशाल पुसले जाई. म्हणजे घर जितके टिकाऊ तितकेच चित्र टिकाऊ, आणि त्यात कोणाला उणे वाटत नव्हते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर आले आणि त्यांनी कागद व रंग दिले. बायका ज्या भिंतीवर चौक काढत तिथून चित्र कागदावर उतरले, आणि कागदावर ते पुरुषही काढू लागले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे त्यांतले सर्वश्रेष्ठ. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, जगभर प्रदर्शने. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या चित्रांतील मासेमारीचे जाळे, मुंग्यांची वारुळे आणि तारप्याभोवती फिरणारी माणसे पाहिली की रेषेवर एवढी हुकूमत कुठून आली असेल, याचे नवल वाटते. कागद आला नसता तर हे जगाला दिसले नसते, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच पन्नास वर्षांत एक अदलाबदल झाली. चित्र पक्के झाले, भिंत हरवली. साड्यांवर, कपांवर, विमानतळांवर, रेल्वे स्थानकांवर, सरकारी कचेऱ्यांवर वारली आकृत्या आल्या. ज्या इमारतीतून कुडाच्या घराला ‘कच्चे’ असा शेरा मिळतो, तिच्याच दर्शनी भागावर त्या कुडावरचे चित्र शोभेला काढलेले असते. अधिकाऱ्यांना यात काही विसंगत वाटत असेल असे दिसत नाही.

डहाणूवर विसाव्या शतकाच्या अखेरीस आणखी एक प्रचंड पक्की वस्तू उभी राहिली : औष्णिक वीजकेंद्राची चिमणी, उंची सुमारे २७५ मीटर. ५०० मेगावॅटचे हे केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. त्याआधीच, जून १९९१ मध्ये, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एक प्राधिकरण नेमले गेले; न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. उत्तरेस वापी आणि दक्षिणेस तारापूर ही दोन औद्योगिक शहरे असताना मधले डहाणू अजून बैठ्या घरांचे आणि हिरवे आहे, याचे श्रेय बव्हंशी त्या अधिसूचनेला. आता वाढवणचे बंदर मंजूर झाले असून ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणीही झाली. ती अधिसूचना यापुढे किती पुरेल, हा प्रश्न खुला आहे.

आता घरकुलाकडे. इंदिरा आवास योजना १९८५ ची; २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. किमान २५ चौरस मीटरचे घर, सपाट भागात १ लाख २० हजार रुपये अनुदान. कच्च्या घरात राहणारा तो पात्र. वारली कुटुंबांना हे घर हवे असते, आणि त्यांना ते हवे असणे पूर्णपणे रास्त आहे. दर पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारणे, दर सणाला भिंती लिंपणे हे श्रम मुख्यतः बायकांचे. पेंढ्यात साप, वाशांत वाळवी, कोपऱ्यात गळती. शिवाय जंगलात लाकडाला हात लावायचा तर अजूनही वनखात्याची भीती. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही ती पुरती गेलेली नाही. शहरातल्या स्लॅबखाली बसून ‘मातीची घरे जपा’ असा उपदेश करणाऱ्यांनी एक पावसाळा त्या छपराखाली काढावा.

आक्षेप सिमेंटवर नाही, आराखड्यावर आहे. २५ चौरस मीटरमध्ये कणगी कुठे ठेवायची, बैल कुठे बांधायचा, लग्नाच्या चौकासाठी भिंत कोणती? खिडकी लहान, वर पत्रा किंवा स्लॅब. उन्हाळ्यात आत थांबवत नाही. म्हणून घरकुलाला लागून पुन्हा कुडाची पडवी उभी राहते आणि दिवसाचे जगणे तिच्यात चालते. सरकारी मोजणीत ती पडवी नसते. मेढींचा सांगाडा, पक्के जोते, कौलांचे छप्पर आणि सुधारलेला कूड असा आराखडा अभियंत्यांना जमला नसता असे नाही. ‘कच्चे’ या शब्दाने तो विचारच आधी बाद करून टाकला.

हे मत अतिरंजित वाटत असेल तर आसामकडे पाहावे. १२ जून १८९७ च्या महाभूकंपात शिलाँग आणि परिसरातील दगडी इमारती कोसळल्या. त्यानंतर खुद्द इंग्रज अभियंत्यांनी लाकडी सांगाडा आणि बोरूच्या काठ्यांवर लिंपलेल्या भिंती, अशी घरे अधिकाऱ्यांसाठी बांधली. ‘आसाम पद्धतीचे घर’ म्हणून ते पुढे प्रतिष्ठित झाले. तत्त्व कुडाचेच : हलकी, लवचीक भिंत आणि भार वाहणारा वेगळा सांगाडा. महाराष्ट्राने याची उलट बाजू पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जी माणसे गेली, त्यांतली बहुतेक जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली गेली. ती घरे पिढ्यान्‌पिढ्या भक्कम मानली जात होती.

डहाणू-तलासरीत ही परीक्षा नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली. एक मोठा भूकंप येऊन थांबला असे झाले नाही. लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका महिनोन्‌महिने चालू राहिली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतील सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा. घाबरून घराबाहेर पळण्याच्या धावपळीत एका लहान मुलीचा जीव गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूकंपमापक बसवले. पावसाचे पाणी खोल खडकांत मुरून हे धक्के बसत असावेत, असे एक स्पष्टीकरण पुढे आले.

४ तीव्रतेचा धक्का नीट बांधलेल्या घराला पाडत नाही. परंतु तुटपुंज्या अनुदानात, खांब-तुळयांशिवाय रचलेल्या विटांच्या भिंतीवर शेकडो लहान धक्के साचत जातात. बातम्यांत आलेली छायाचित्रे तशाच भिंतींची होती : खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढत गेलेली भेग, गिलाव्याचे सुटलेले पापुद्रे. कुडाला भेग पडली तर ती शेणमातीने पुन्हा लिंपता येते, आणि तो अंगावर पडला तरी विटांच्या वजनाने पडत नाही. त्याची मेढ कुजलेली असेल तर मात्र तोही धोक्याचाच.

भर थंडीचे दिवस होते. रात्री घरात झोपू नका, असे सांगण्यात आले. आपत्ती निवारणाचे तंबू आले. जिथे ते पोहोचले नाहीत तिथे लोकांनी ताडपत्र्या बांधल्या. पक्क्या घरातली आणि कच्च्या घरातली माणसे, म्हातारी, लेकुरवाळ्या, शेळ्या-कोंबड्यांसह, महिनोन्‌महिने अंगणात निजली. दिवसा वर्गखोल्यांत बसवणे धोक्याचे वाटले, तेव्हा मास्तरांनी मुलांना बाहेर आणले आणि कोसबाड ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात शाळा पुन्हा उघड्यावर भरली.